बारा दुकानं, एक चाक

आमच्या मंडळात एक नियम होता. फोटो तारेवर चिमट्याने लावला, की ज्याने तो काढला त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी आधी फक्त काय दिसतंय ते सांगायचं. मग ज्याला तो पटला नाही त्याने तो तारेवरून उतरवायचा. 'छान', 'सुंदर', 'वा' हे शब्द पहिल्या फेरीत चालत नसत. ज्याच्या तोंडून निसटतील त्याने उठून सगळ्यांसाठी चहा करायचा. त्यामुळे बहुतेक रविवारी चहा घड्याळवालेच करत. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस इतका उतावळा कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आम्ही मोठी माणसं चारच. खोली बाइंडरची, त्याच्या दुकानाच्या वरची. तिथे कायम खळीचा वास यायचा आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस होता. शेजारच्या छोट्या खोलीच्या खिडकीला काळा कागद लावून आम्ही डार्करूम केली होती. चौथ्या डॉक्टरीणबाई. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणून निवृत्त झालेल्या, आणि आमच्यात सगळ्यात उत्तम फोटो काढणाऱ्या. आमचे कॅमेरे आमच्याइतकेच जुने होते, काही तर आमच्याहून थोरले. सगळे फिल्मवर चालणारे.

वर्षभरापूर्वी मी तीन मुलं घेऊन आलो. मी शाळामास्तर. नोकरी संपली तरी सवय कुठे संपते? दोन जुळे भाऊ आणि एक अकरा वर्षांची मुलगी. मुलगी अंगाने एवढीशी, पण आपल्यापेक्षा मोठी ओझी उचलायची हौस दांडगी, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. तिचे बाबा पलीकडच्या गल्लीत सायकली दुरुस्त करत. आजोबांचा घडीचा, भात्याचा कॅमेरा तिच्या वाट्याला आला होता. तो ती फडक्यात गुंडाळून असा आणायची, जणू आत मांजराचं पिल्लू आहे.

महिन्याच्या पहिल्याच रविवारी डॉक्टरीणबाईंनी विषय काढला. मुलं अजून यायची होती.

"मास्तर, राग मानू नका. चाळीस वर्षं मी मुलांचेच डोळे तपासले, माझं मुलांशी वाकडं नाही. पण वर्षात या तिघांनी तीस रोल संपवले. तारेवर टिकलेला एक तरी फोटो दाखवा."

"शिकताहेत ती," मी म्हणालो.

"डार्करूम एक, मोठा फोटो करायचं यंत्र एक, रविवार आठवड्यातून एक. फिल्म मिळताना मारामार. मुलांना मोबाइल आहेत, त्यावर शिकू देत. सोळा वर्षांची झाली की खुशाल येऊ देत."

बाइंडर खळीचा ब्रश पुसत राहिला. घड्याळवाल्यांनी छताकडे पाहिलं. म्हणजे दोघांनाही ते पटत होतं. खोटं कशाला सांगू, हिशेबाने बाईंचं चूक नव्हतंच.

शेवटी असं ठरलं: मुलांना प्रत्येकी एक रोल. महिनाअखेरच्या रविवारी त्यातला एक तरी फोटो असा हवा, की आम्हा चौघांपैकी कुणीही तो तारेवरून उतरवणार नाही. तसा झाला तर मुलं राहतील. नाही तर खोली मुलांना बंद.

"आणि एक," बाई म्हणाल्या. "चुकून चांगला आलेला मला चालणार नाही. हाताला ठाऊक होतं काय करतोय, हे फोटोत दिसायला हवं."

मुलांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मुलांपासून अशा गोष्टी लपवू नयेत, त्यांना ते चेहऱ्यावरून कळतंच. मुंगीने विचारलं, "चौघांनीही हो म्हणायला हवं, की तिघांनी चालेल?"

"चौघांनी."

"डॉक्टरआजींनीसुद्धा?"

"त्यांनी तर नक्कीच. आणि आजी म्हणू नकोस, मावशी म्हण."

दहा दिवसांत जुळ्यांचा निकाल लागला. मोठ्याने फोटो आले की नाही हे बघायला कॅमेरा उन्हातच उघडला. धाकट्याने बाराही फोटो लेन्सचं झाकण न काढता काढले. त्याचं म्हणणं, "झाकण काढल्यावर लेन्सवर धूळ बसते, तुम्हीच म्हणाला होतात." मी म्हणालो होतो खरं.

उरली मुंगी. आणि तिचा रोल बिघडला तो माझ्यामुळे.

तिच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर दोन लाल काचेच्या खिडक्या होत्या. फिल्मच्या मागच्या कागदावर आकडे छापलेले असतात. किल्ली फिरवली की खिडकीत पुढचा आकडा येतो, तो आला की पुढचा फोटो काढायचा. एका खिडकीत आठपर्यंत आकडे येत आणि लांबट आठ फोटो निघत. दुसरीत बारापर्यंत येत आणि चौकोनी बारा फोटो निघत. मी म्हटलं, "बाराची खिडकी वापर, चार संधी जास्त मिळतील." पण चौकोनी फोटोंसाठी कॅमेऱ्याच्या आत एक पत्र्याची चौकट बसवावी लागते, तेवढं मात्र पाहायचं विसरलो. ती चौकट तिच्या आजोबांच्या काळातच हरवली होती. झालं असं, की कॅमेरा काढत राहिला लांबट फोटो आणि मुंगी फिल्म सरकवत राहिली चौकोनाच्या मापाने. प्रत्येक फोटोची कड पुढच्या फोटोवर चढली.

मी ती ओली फिल्म उजेडात धरली. वेगवेगळे फोटो नव्हतेच. अडीच फुटांची एकच पट्टी, सगळं एकमेकांत घुसलेलं.

रविवारी पट्टी टेबलावर आली. तारेवर लावण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मुंगीने नियमाप्रमाणे तोंड मिटून घेतलं.

"मला एक किटली दिसते," घड्याळवाले भिंगातून बघत म्हणाले. "किटलीला मिशा आहेत."

"त्या माझ्या बाबांच्या," मुंगीच्या तोंडून निघालंच.

"गप्प बसायचं," बाइंडर म्हणाला, आणि हसू दाबता दाबता त्याला ठसका लागला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि खाली ठेवली. "चूक मास्तरांची आहे, पोरीची नाही. तिला आणखी एक रोल द्यायला हवा." आपल्या पिशवीतून त्यांनीच एक रोल काढून मुंगीपुढे सरकवला. "पण हा शेवटचा हं."

परत जाताना मी मुंगीला म्हटलं, "आता आठाची खिडकी. आठ फोटो, आठही विचार करून."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या घरी आली. हातात तीच बिघडलेली पट्टी.

"आजोबा, किटली नि बाबांचा गोंधळ झाला. पंपाचा आणि शाळेच्या फाटकाचा पण झाला. पण मांजरीचा का नाही झाला?"

मी पट्टी खिडकीच्या काचेला लावली. चौथ्या आणि पाचव्या फोटोंच्या मधे मांजर होती, शेपटीसकट अख्खी. कड तिच्या अगदी शेजारून गेलेली, पण ती कुठे होती हे दिसतच नव्हतं.

उत्तर मला ठाऊक होतं. पण अशा वेळी मास्तराने आपली जीभ दाताखाली धरावी. मी विचारलं, "मांजर कुठे बसली होती?"

"दुकानाच्या दारात."

"आणि दाराच्या आत काय होतं?"

"काही नाही. अंधार. पुढच्या फोटोच्या कडेलाही अंधारच." ती थांबली. मग तिचे डोळे मोठे झाले. "अंधारावर अंधार पडला तर अंधारच राहतो!"

"मग?"

"मग कडा अंधारात लपवता येतील!" ती उठून उभीच राहिली. "आजोबा, मी आठाची खिडकी वापरणारच नाही. मी मुद्दाम बाराची वापरणार."

शेवटचा रोल, आणि ही पोरगी तीच चूक पुन्हा करायला निघालेली. हट्टाने 'नाही' म्हणता आलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं ते पाहण्यासाठी तर मी सगळी हयात फळ्यापुढे काढली होती. मी म्हटलं, "कागद काढ. आधी कागदावर करून दाखव."

तिच्या बाबांच्या गल्लीत एका बाजूला बारा दुकानं होती. एकाच माणसाने बांधलेली, म्हणून सगळी एका मापाची: मधे भिंतीचा पांढरा तुकडा, दोन्ही अंगांना दारं, दारांच्या आत काळोख. समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की एका फोटोत एक भिंत आणि दोन्हीकडची अर्धी अर्धी दारं मावत. बारा आकडे, बारा भिंती. प्रत्येक कड दारात पडायला हवी. म्हणजे प्रत्येक फोटोनंतर बरोबर एका दुकानाएवढं सरकायला हवं, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. मग अख्खी गल्ली एकाच चित्रात, सलग.

"कुठल्या टोकापासून सुरुवात करशील?" मी विचारलं.

"पहिल्या दुकानापासून."

"नक्की?"

ती मान वाकडी करून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती बुटाचं खोकं घेऊन आली. एका बाजूला टाचणीने भोक, दुसऱ्या बाजूला पातळ पारदर्शक कागद, त्यावर खिडकीचं उलटं चित्र. त्यामागून तिने कागदाची लांब पट्टी, आपल्या कॅमेऱ्यात फिल्म सरकते तशी, सरकवून दाखवली.

"लेन्समधून सगळं उलटं पडतं, डावं उजवीकडे. आणि माझी फिल्म या बाजूला सरकते. पहिल्या दुकानापासून निघाले तर गल्लीचे तुकडे उलट्या क्रमाने जोडले जातील. मला शेवटच्या दुकानापासून मागे यायला हवं." मग जरा रागाने म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, हो ना?"

"मला संशय होता."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू खोकं केलं असतंस का?"

शनिवारी सकाळी गल्ली तयार होती. मुंगीने घरोघरी जाऊन सगळ्यांना बजावलं होतं. बाबांनी दोऱ्याला दुकानाच्या मापाने गाठी मारून समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी तो ताणला होता. प्रत्येक गाठीवर तिवई ठेवायची. तिवईही बाबांनीच सायकलच्या नळ्यांची केली होती. आणि प्रत्येक दुकानदाराने आपल्या भिंतीपुढे सायकलचं एक चाक हातात धरून उभं राहायचं होतं. बारा चाकं नव्हेत, एकच. फोटो झाला की ते पुढच्याकडे द्यायचं. चाकाच्या कडेला एका जागी पांढरी चिंधी बांधलेली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"आहे काहीतरी," ती म्हणाली, आणि हातातल्या चिठोऱ्यात बघून चाक थोडं फिरवलं. "काका, आता हलवू नका. चिंधी इथेच."

"अगं, माझं गिऱ्हाईक आत अर्ध्या दाढीने बसलंय," न्हावी म्हणाला.

"त्यांना पण बाहेर बोलवा. पण दारात नको हं! दार काळंच हवं."

अर्ध्या तोंडाला साबण लावलेला माणूस भिंतीशी येऊन उभा राहिला, फौजेत भरती झाल्यासारखा ताठ. त्याआधी काचवाल्याच्या दुकानासमोर एक टेम्पो येऊन थांबला होता. ड्रायव्हर माल उतरवायला गेला तो तासाभराने उगवला. तोवर काचवाला चाक धरून जागचा हलला नाही. त्याची बायको त्याला घोटाघोटाने पाणी पाजत होती. "माझा हात गेला तरी चालेल," तो म्हणाला, "चिंधी जाणार नाही."

बारावा फोटो झाला तेव्हा सगळ्या गल्लीने एकदम श्वास सोडला.

फिल्म मुंगीने स्वतः धुतली. मी बाहेर उभा होतो. मग आतून नुसतं, "आजोबा." मी आत गेलो. ओली पट्टी तिने दोन्ही हात लांबवून धरली होती, आणि एकही सांधा दिसत नव्हता. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. नव्हताच.

एवढी लांब पट्टी आमच्या यंत्रात बसेना. म्हणून ती कागदावर थेट ठेवून, वर काच दाबून छापायची ठरली. कागदाचा जुना रोल माझ्या कपाटात होता. काचवाल्याने हवी तेवढी लांब काच कापून दिली. पत्रेवाल्याने पन्हाळीचा तुकडा दोन्ही टोकांना बंद करून दिला, त्यात रसायन ओतून कागद बुडवायचा. लाल दिव्यात जुळ्यांनी पन्हाळ दोन टोकांना धरून हलवली, बाळाला झोपवावं तशी. या वेळी कुणी झाकण विसरलं नाही, कुणी दारही उघडलं नाही.

महिनाअखेरचा रविवार. मुंगीने पट्टी तारेवर लावली. तिला सात चिमटे लागले. मग ती स्टुलावर जाऊन बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

सगळे पुढे सरकले. अडीच फुटांची गल्ली समोर लटकत होती: बारा भिंती, मधे काळी दारं, बारा माणसं, आणि एक साबणवाला.

"मला एक गल्ली दिसते," बाइंडर सावकाश म्हणाला. "एका दमात काढलेली. पण एवढी गल्ली मावेल असा कॅमेरा आपल्याकडे कुणाकडेही नाही."

"मला प्रत्येकाच्या हातात चाक दिसतं," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी भिंग काढलं होतं. त्या दारांतून सांधे शोधत होत्या. पहिलं दार, दुसरं, तिसरं. "सांधे दारात आहेत," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "सगळेच्या सगळे." मग मान वर केली. "पण मास्तर, मागच्या वेळी चुकून एक सांधा अंधारात पडला होता. ही दुकानं एका मापाची आहेत. कॅमेऱ्यानेच जुळवलं नसेल कशावरून? मी म्हटलं होतं, हाताला ठाऊक होतं हे दिसायला हवं."

मुंगीचा चेहरा लाल झाला. बोलायची परवानगी नव्हती. मलाही नव्हती, शिकवणाऱ्याने शिष्याची वकिली करायची नाही असं आमच्यात होतं. मी घड्याळवाल्यांकडे पाहिलं. ते केव्हापासून पट्टीसमोर वाकून उभे होते, नाक कागदाला लागेल इतके जवळ.

"एक वाजला," ते म्हणाले.

"काय?"

"या पहिल्या चाकात. चिंधी बघा, एकावर आहे. आणि हे," ते एक पाऊल सरकले, "दोन. तीन. चार." त्यांचा आवाज चढत गेला. "न्हाव्यापाशी पाच. साबणवाला आहे ना, त्याच्या शेजारी! सहा, चिंधी थेट खाली. सात, आठ, अहो काचवाल्याकडे बरोबर नऊ! दहा, अकरा..." शेवटच्या चाकापाशी ते सरळ उभे राहिले. "बारा! आयुष्यभर घड्याळं जुळवली मी. एकही तास मागेपुढे नाही!"

बाई पट्टीवर वाकल्या. त्यांनी बारा तास पुन्हा मोजले, बोट न लावता. मग वळल्या.

"मुंगी, पहिली फेरी झाली. आता तू बोल. सुरुवात कुठून केलीस?"

"बारापासून," मुंगी म्हणाली. "माझ्या कॅमेऱ्यात फिल्म उलट्या बाजूला सरकते. म्हणून बारापासून एकाकडे आले. घड्याळ मागे चालवलं, म्हणजे फोटोत ते पुढे चालेल."



"घड्याळ मागे चालवलं," बाईंनी हळूच म्हटलं. मग त्या एकदम हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसले. "कुणाला हे उतरवायचं असेल तर त्याने आधी माझ्याशी बोलावं."

"माझी हिंमत नाही," बाइंडर म्हणाला.

"माझी तर मुळीच नाही," घड्याळवाले म्हणाले.

जुळे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून उड्या मारू लागले. मुंगी स्टुलावरून उतरली, आणि आपण आता काय करायचं असतं हे तिला सुचेना. ती सरळ जाऊन डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली.

"मावशी, म्हणजे आम्ही राहायचं?"

"राहायचं म्हणजे काय? पुढच्या रविवारी तू मला दोन खिडक्यांचं हे प्रकरण शिकवायचंस. माझ्याकडेही तसलाच एक कॅमेरा पडून आहे, मी तो कधी नीट वापरलाच नाही." त्यांनी टेबलाकडे पाहिलं. त्यावर आम्ही चौघंच कशीबशी बसत असू. "बाइंडर, खाली तुमचं ते कागद कापायचं लांब टेबल आहे ना? ते वर येईल का?"

"जिन्यातून? पाच माणसं लागतील."

"सात आहोत की आपण," मुंगी म्हणाली, आणि बाह्या सरसावत सगळ्यांच्या आधी जिन्याकडे धावली.